सरकार बंद पडतं तेव्हा आधी कुणाचं काम थांबतं?

वडगाव निंबाळकरच्या परिसरात आम्ही काही कार्यकर्ते रविवारी मुलांचा अभ्यासवर्ग घेतो. दहावीच्या पुढची मुलं-मुली येतात, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे दोन-चार जण असतात, आणि मागे खुर्ची टाकून एक निवृत्त गुरुजी बसतात. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एका मुलाने मोबाईलवरची बातमी पुढे केली. "दादा, अमेरिकेत सरकार बंद पडलंय म्हणे. सरकार कसं काय बंद पडतं? आपल्याकडं पडतं का?" आम्ही तोंड उघडायच्या आत गुरुजी मागून म्हणाले, "आपल्याकडं चालू कधी होतं ते आधी विचार त्यांना."

सगळे हसले. पण त्या दिवशीचा ठरलेला विषय बाजूला पडला आणि पुढचे तीन रविवार आम्ही याच प्रश्नावर बोललो. त्या बोलण्यात आमच्याही डोक्यातल्या बऱ्याच गोष्टी नीट लागल्या. आपल्या तरुणांपैकी अनेक जण शिष्यवृत्ती, घरकुल, निराधार योजनेचे अर्ज भरतात, इतरांचे भरून देतात. पैसे का येत नाहीत याचं उत्तर मात्र बहुतेकांना "वरून आले नाहीत" एवढंच मिळतं. हे "वर" म्हणजे नेमकं कुठं, ते इथं मांडतो.

आधी अमेरिकेचं बघू. तिथलं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. त्या तारखेपर्यंत संसदेने, म्हणजे तिथल्या काँग्रेसने, खर्चाची विधेयकं मंजूर केली नाहीत आणि राष्ट्राध्यक्षांची सही झाली नाही, तर सरकारी खात्यांना पैसे खर्च करायचा अधिकार उरत नाही. मंजुरीशिवाय खर्च करू नये असा कायदा तिथं १८८४ पासून आहे. पण शंभरेक वर्षं तो इतका कडक पाळला जात नव्हता. मंजुरीला उशीर झाला तरी खाती काम चालू ठेवायची. १९८० मध्ये तिथल्या ॲटर्नी जनरलने मत दिलं की मंजुरी नसेल तर कामच थांबवलं पाहिजे, जीवित आणि मालमत्तेच्या रक्षणाचं काम तेवढं चालू ठेवता येईल. तिथून 'शटडाऊन' हा प्रकार खऱ्या अर्थाने सुरू झाला. २०१३ मध्ये सोळा दिवस, २०१८-१९ मध्ये पस्तीस दिवस, आणि २०२५ मध्ये १ ऑक्टोबरपासून १२ नोव्हेंबरपर्यंत त्रेचाळीस दिवस. तोवरचा तो सर्वात लांब.

या त्रेचाळीस दिवसांत काय झालं? साधारण चौदा लाख केंद्रीय कर्मचारी एकतर घरी बसवले गेले किंवा बिनपगारी कामावर राहिले. विमानांना वाट दाखवणारे नियंत्रक पगाराशिवाय ड्युटी करत होते, शेवटी मोठ्या विमानतळांवरची उड्डाणंच कमी करावी लागली. परदेशी कामगारांच्या व्हिसासाठी लागणारी कामगार खात्याची अर्जप्रक्रिया काही आठवडे थांबली, त्यात आपल्याकडून गेलेली मुलंही अडकली. आणि सुमारे ४ कोटी २० लाख गरिबांना दर महिन्याला मिळणारी अन्नाची मदत नोव्हेंबरमध्ये अडखळली. जगातल्या सर्वात श्रीमंत देशात लोक फुकट अन्नवाटपाच्या रांगेत उभे राहिले.

इथं एक बारीक गोष्ट आहे. २०१९ च्या कायद्याने तिथल्या सरकारी कर्मचाऱ्यांना बंद काळाचा पगार नंतर मिळायची हमी दिली आहे. पण त्याच इमारतीत झाडू मारणारा, उपाहारगृहात भांडी घासणारा कंत्राटी कामगार त्या हमीत नाही. त्याची बुडालेली मजुरी बुडालीच. आमच्या वर्गात नगरपालिकेकडे कंत्राटी सफाईचं काम करणाऱ्या बाईंचा मुलगा आहे. तो म्हणाला, "म्हणजे तिथं पण तेच."

आता आपल्याकडे वळू. आपल्या संविधानातही पैशाला कुलूप आहे. सरकारकडे येणारा कर, कर्ज, सगळं एकत्रित निधीत जमा होतं आणि कलम २६६ प्रमाणे कायद्याच्या मंजुरीशिवाय त्यातला एक रुपयाही बाहेर काढता येत नाही. राज्यापुरतं बोलायचं तर कलम २०२ खाली अर्थसंकल्प मांडायचा, २०३ खाली खात्यांच्या मागण्यांवर मतदान घ्यायचं आणि २०४ खाली विनियोजन विधेयक मंजूर करायचं, असा क्रम आहे. अमेरिकेसारखी अडचण येऊ नये म्हणून पुढे कलम २०६ आहे, लेखानुदानाचं. पूर्ण अर्थसंकल्पाला वेळ लागणार असेल तर सभागृह काही महिन्यांच्या खर्चाला आगाऊ मंजुरी देतं. २०२४ मध्ये लोकसभेची निवडणूक होती. त्यामुळे २७ फेब्रुवारीला अजित पवारांनी अर्थमंत्री म्हणून अंतरिम अर्थसंकल्प मांडला, पहिल्या चार महिन्यांच्या खर्चाची सोय झाली आणि पूर्ण अर्थसंकल्प २८ जूनला आला. मधल्या काळात एकही तहसील कार्यालय पैशाअभावी बंद झालं नाही.

ही कलमं कुठून आली हे आपल्या मुलांना माहीत असायला हवं. १९३५ च्या कायद्यात खर्चाच्या यादीवर गव्हर्नर जनरल किंवा प्रांताचे गव्हर्नर सही करायचे आणि ती सही म्हणजे मंजुरी. त्याऐवजी सभागृहाने कायदाच करावा, एकत्रित निधी असावा, लेखानुदानाची तरतूद असावी, या दुरुस्त्या मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून बाबासाहेबांनी १९४९ च्या जूनमध्ये संविधान सभेपुढे मांडल्या. बाबासाहेब मुळात सार्वजनिक वित्ताचे अभ्यासक होते. ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ चा आहे, आणि मुंबई विधान परिषदेत १९२७ साली ते पहिल्यांदा बोलले तेही अर्थसंकल्पावरच. आपण जयंतीला त्यांचं सगळं सांगतो, हे मात्र क्वचित सांगतो. आमच्याही भाषणांत नव्हतं.

मग एखाद्या सरकारकडे बहुमतच नसेल आणि अर्थसंकल्प पडला तर? अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेस स्वतंत्र निवडून येतात, त्यामुळे भांडण लागलं तरी दोघेही खुर्चीवर राहतात आणि मधल्यामध्ये खाती बंद होतात. आपल्याकडे पैशाचं विधेयक पडलं की सरकारच जातं. दुसरं सरकार येतं, नाहीतर राष्ट्रपती राजवट लागते आणि खर्चाची मंजुरी संसद किंवा राष्ट्रपती देतात. उत्तराखंडमध्ये २०१६ साली नेमकं विनियोजन विधेयकावरूनच रण माजलं. ते मंजूर झालं की पडलं यावरच वाद होता. २७ मार्चला राष्ट्रपती राजवट लागली, आणि १ एप्रिलपासून कर्मचाऱ्यांचे पगार थांबू नयेत म्हणून खर्चासाठी वटहुकूम काढावा लागला. महाराष्ट्रात २०१९ च्या निवडणुकीनंतर १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली. तेव्हा अवकाळीने खरीप गेलं होतं. राज्यपालांनी १६ नोव्हेंबरला हेक्टरी आठ हजार आणि फळबागांना अठरा हजार रुपये मदत जाहीर केली. म्हणजे सरकार नसतानाही तिजोरी उघडत होती. पण त्याच दिवसांत मंत्रालयातला मुख्यमंत्री वैद्यकीय मदतीचा कक्ष बंद पडला आणि गावोगावचे रुग्ण, त्यांचे नातेवाईक हातात कागद घेऊन खोळंबले. मुख्यमंत्रीच नाहीत तर मुख्यमंत्री निधी कोण देणार, असा तो प्रकार. शस्त्रक्रियेची तारीख काही शपथविधीची वाट बघत नाही.

तर सरळ उत्तर असं की अमेरिकेसारखं सरकार आपल्याकडे कायद्याने बंद पडत नाही. गुरुजींना मात्र हे उत्तर पटलं नाही. "कायद्यानं नाही पडत. पण पडतं तर खरं." आणि ते बरोबर बोलत होते.

एक प्रकार सगळ्यांना दिसतो, तो संपाचा. १९७७-७८ मध्ये राज्य कर्मचाऱ्यांचा चौपन्न दिवसांचा संप झाला. १४ डिसेंबरला सुरू झालेला संप ५ फेब्रुवारीला संपला. र. ग. कर्णिक त्याचे नेते होते, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री. आमच्या पिढीने पाहिला तो २०२३ चा. १४ मार्च ते २० मार्च, सात दिवस, घोषणा 'एकच मिशन, जुनी पेन्शन'. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना नाही, ती परत द्या ही मागणी. संघटनांच्या म्हणण्याप्रमाणे सतरा लाखांहून जास्त कर्मचारी आणि शिक्षक संपात होते. तहसील ओस, तलाठी कार्यालयाला कुलूप, जिल्हा परिषदेच्या शाळा बंद, सरकारी रुग्णालयांतल्या परिचारिका बाहेर, शस्त्रक्रिया पुढे ढकललेल्या. त्याच आठवड्यात राज्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली आणि पंचनामे करायला माणूस नव्हता.

या संपाबद्दल आमच्यातही दोन मतं होती आणि ती लपवायचं कारण नाही. आपल्या समाजातून आरक्षणाने जी पहिली-दुसरी पिढी नोकरीत गेली, त्यांच्यासाठी पेन्शन म्हणजे म्हातारपणाचा एकमेव आधार. मागे शेती नाही, दुकान नाही. त्यांची मागणी आम्हाला मान्य होती आणि आहे. पण आमच्या वस्तीतली एक आजी त्या आठवड्यात उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तीन वेळा एसटीने बारामतीला जाऊन परत आली. निराधार योजनेला दाखला लागत होता. तिसऱ्या वेळी आम्हाला म्हणाली, "बाळा, कुलूपच आहे रं. कुणाला विचारावं तर माणूस नाय." तीन दिवसांची मजुरी आणि प्रवास. दाखला नंतर मिळाला, सरकारने समिती नेमली, कर्मचाऱ्यांच्या पगाराचंही पुढे काहीतरी झालं. आजीच्या तीन खेपांचं काही होत नाही. त्या हिशेबाला कुठे रकानाच नाही.

त्यात तो महिना मार्चचा. ज्यांनी कार्यालयात काम केलंय त्यांना माहीत आहे की मार्चमधले सात दिवस म्हणजे इतर महिन्यांतले दोन महिने. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपतं. त्याच्या आत देयक कोषागारात गेलं नाही तर तरतूद व्यपगत होते, म्हणजे सभागृहाने दिलेली मंजुरीच संपते. वस्तीतल्या रस्त्याचं काम, वाचनालयाची पुस्तकं, काहीही असो, पुन्हा पहिल्यापासून.

एसटीचा संप तर याहून लांबला. महामंडळ म्हणजे सरकारी खातं नव्हे, पण गावातल्या माणसाला हा फरक कुणी सांगावा? २०२१ च्या दिवाळीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत, पाच महिन्यांहून जास्त. वडगाव, होळ, कोऱ्हाळ्याच्या पट्ट्यातून बारामतीला कॉलेजला जाणाऱ्या मुलांची ज्यांच्याकडे मोटारसायकल होती त्यांची सोय झाली. मुलींना सरकारचा मोफत पास होता, पण गाडीच नव्हती तर पास कुठं दाखवायचा.

दुसरा प्रकार कुणाला दिसत नाही आणि आम्हाला तो जास्त गंभीर वाटतो. कार्यालय उघडं असतं, पंखे फिरत असतात, साहेब जागेवर असतात, आणि काम बंद असतं. कारण अर्थसंकल्पात रक्कम लिहिली म्हणजे ती हातात आली असं नाही. सभागृहाने मंजूर केलेली तरतूद वित्त विभाग टप्प्याटप्प्याने सोडतो. आधी मंत्रालयातलं खातं, मग आयुक्त कार्यालय, मग जिल्हा, मग आहरण व संवितरण अधिकारी. बीम्स नावाच्या संगणक प्रणालीवर त्या अधिकाऱ्याच्या नावे रक्कम दिसली तरच तो देयक तयार करतो, आणि ते कोषागारात पास झालं की पैसे खात्यावर जातात. या साखळीत कुठंही गाठ बसली की खाली "वरून आले नाहीत".

गाठ बसते तेव्हा आधी काय थांबतं, याला क्रम आहे. काही खर्च संविधानानेच 'भारित' ठरवलेला आहे. कर्जाचं व्याज, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे पगार, राज्यपालांचा खर्च. त्यावर मतदानही होत नाही, तो जातोच. त्यानंतर कर्मचाऱ्यांचे पगार आणि निवृत्तिवेतन, ते थांबवणं कुठल्याही सरकारला परवडत नाही. राहिलं काय? योजना. तिजोरीत खडखडाट झाला की कात्री तिथं लागते, आणि योजनांवर कोण जगतं हे या पानांच्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

२०२० चं उदाहरण घ्या. टाळेबंदीत राज्याचं उत्पन्न घटलं. मार्चचा पगार दोन टप्प्यांत देण्याचं ठरलं, पहिल्या टप्प्यात 'अ' आणि 'ब' वर्गाला निम्मा, 'क' वर्गाला पाऊण, 'ड' वर्गाला पूर्ण. तो निर्णय आम्हाला योग्यच वाटला. खालच्याला आधी द्यावं, असं क्वचित घडतं. पण ४ मे २०२० ला वित्त विभागाने दुसरा आदेश काढला की विकास योजनांसाठी तरतुदीच्या फक्त ३३ टक्के निधी मिळेल, नवीन कामं घेऊ नयेत, आरोग्य वगळता नवी भरती नको. पगाराचा उरलेला हप्ता पुढे मिळाला. योजनांना मात्र कात्री लागली. त्या वर्षी ज्याचं नाव घरकुलाच्या यादीत होतं त्याने आणखी एक पावसाळा पत्र्याखाली काढला.

यावर वर्गातल्या एका मुलीने विचारलं, "ताई, साथ होती, पैसेच नव्हते, मग सरकार तरी काय करणार?" प्रश्न रास्त आहे. म्हणून पैसे होते त्या वर्षाकडे बघू.

१० मार्च २०२५ ला राज्याचा अर्थसंकल्प आला. एकूण खर्च ७ लाख २० कोटी रुपये. मांडला आपल्याच तालुक्याचे तेव्हाचे आमदार, अर्थमंत्री अजित पवार यांनी. अनुसूचित जाती घटक कार्यक्रमाला २२ हजार ६५८ कोटी आणि आदिवासी घटक कार्यक्रमाला २१ हजार ४९५ कोटी, दोन्हींत आदल्या वर्षापेक्षा मोठी वाढ. लाडकी बहीण योजनेला ३६ हजार कोटी. दोन महिनेही झाले नव्हते. लाडकी बहीणचा एप्रिलचा हप्ता देण्यासाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख रुपये वळवले गेले. तेव्हाचे सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट स्वतःच उघडपणे नाराज झाले. खात्याची गरज नसेल तर ते बंदच करून टाका, अशा अर्थाचं ते बोलले. सत्तेतल्या मंत्र्याने आपलंच खातं बंद करा म्हणणं, हा आपल्याकडचा 'शटडाऊन' म्हणता येईल.

सरकारचा युक्तिवाद असा होता की लाडक्या बहिणींमध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या महिलाही आहेत, तेव्हा त्यांच्या वाट्याचे पैसे त्यांच्या उपयोजनेतून दिले तर बिघडलं काय. आमच्या वस्तीतल्या बायकांना ते दीड हजार रुपये मिळतात आणि ते उपयोगी पडतात, हे आम्ही नाकारत नाही. पण ती योजना सर्व समाजांच्या महिलांसाठी आहे. बाकी महिलांचे पैसे सर्वसाधारण तिजोरीतून आणि आपल्या महिलांचे आपल्या शिष्यवृत्तीच्या, वसतिगृहाच्या, घरकुलाच्या पैशातून, असा त्याचा अर्थ होतो. आईच्या खात्यात दीड हजार आले आणि मुलीच्या कॉलेजची रक्कम अडकली तर घरात आलं की गेलं?

उपयोजनेमागचा विचार सोपा होता. १९७९-८० मध्ये विशेष घटक योजना म्हणून ती सुरू झाली. लोकसंख्येच्या प्रमाणात विकास निधीचा वाटा वेगळा काढायचा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जातींचं प्रमाण ११.८ टक्के आहे. हा निधी दुसरीकडे वळवू नये आणि व्यपगत होऊ देऊ नये, असं योजना आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांत होतं. पण सूचना म्हणजे कायदा नव्हे, आणि आता योजना आयोगही नाही. तेव्हाच्या आंध्र प्रदेशात आणि कर्नाटकात २०१३ मध्ये यासाठी कायदे झाले, राजस्थानात २०२२ मध्ये झाला. महाराष्ट्रात, जिथं आंबेडकरी चळवळ जन्मली तिथं, अजून मागणीच चालू आहे. कायदा झाला की सगळं सुटलं असंही समजू नका. कर्नाटकात कायदा असताना २०२३ पासून गॅरंटी योजनांकडे हा निधी वळवल्यावरून वाद पेटला. फरक एवढाच की तिथं कायद्यातलं कुठलं कलम वापरून पैसे वळवले हे विरोधकांना बोट ठेवून विचारता आलं.

आणखी एक बंद सांगायचा राहिला. पुणे जिल्हा परिषद आणि तिच्याखालच्या पंचायत समित्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. ओबीसी आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा खटला न्यायालयात, त्यामुळे निवडणूक नाही. प्रशासक बसले. संविधानाच्या कलम २४३ ई प्रमाणे पाच वर्षांच्या आत नवी निवडणूक व्हायला हवी. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ ला चार महिन्यांत निवडणुका घ्या असा आदेश दिला, नंतर ती मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढली. तीन वर्षांहून जास्त काळ आपल्या गणातून, गटातून कुणीच सदस्य नव्हता. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी निवडून आलेल्या संस्थांनाच द्यायचा असा नियम होता, त्यामुळे जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांच्या वाट्याचा तो निधी अडला. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची योजना जिल्हा परिषदेमार्फत राबवली जाते. कुठल्या वस्तीत गटार आधी, कुठं समाजमंदिर आधी, हे आधी सदस्यांच्या भांडणातून ठरायचं. ती भांडणं काही फार पवित्र नव्हती, टक्केवारीच्या गोष्टी आम्हीही ऐकल्या आहेत. पण भांडायला माणूस होता. प्रशासकाच्या दालनात वस्तीतला माणूस किती वेळा जाणार?

शिष्यवृत्तीचं वेगळं सांगतो, कारण वर्गातल्या निम्म्या मुलांचा तो रोजचा विषय आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही केंद्र-राज्याची योजना. केंद्राने डिसेंबर २०२० मध्ये तिचं सूत्र बदललं, ६० टक्के केंद्र आणि ४० टक्के राज्य. केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर येतो. आता गाठी दोन झाल्या. राज्याचा वाटा, मग केंद्राचा वाटा, वेगवेगळ्या वेळी. केंद्राचा हप्ता मुलाच्या खात्यावर येतो आणि त्यातली फी त्याने कॉलेजला भरायची असते. मधे घरात आजारपण निघालं, उचल फेडायची आली, की पैसे खर्च होतात आणि कॉलेज निकाल अडवून बसतं. शहरात भाड्याने राहणाऱ्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे, पुण्यासारख्या ठिकाणी वर्षाला साठ हजारांपर्यंत. खोलीमालक दर महिन्याच्या पाच तारखेला भाडं मागतो, योजनेचे पैसे मात्र वर्ष संपत आलं तरी येतात असं नाही. आमच्या ओळखीच्या एका मुलाने दुसऱ्या सत्रात पुण्याची खोली सोडली आणि ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याच्या वजनकाट्यावर कामाला लागला. परीक्षा दिली त्याने, पण वर्ग केले नाहीत. सरकारच्या कागदावर तो 'लाभार्थी' आहे, कारण पैसे शेवटी आले, परीक्षेनंतर.

मग करायचं काय, असं तिसऱ्या रविवारी मुलांनी विचारलं. आम्ही फळ्यावर साखळी काढली. मंत्रालय, आयुक्त, जिल्हा, संवितरण अधिकारी, कोषागार, बँक. आणि ठरवलं की यापुढे "पैसे कधी येणार?" असं विचारायचं नाही. त्याचं उत्तर नेहमी "येतील" असतं. विचारायचं ते असं: या योजनेसाठी चालू आर्थिक वर्षात आपल्या कार्यालयाला किती तरतूद प्राप्त झाली, कोणत्या तारखेला, त्यातली किती खर्च झाली, आणि गेल्या ३१ मार्चला किती समर्पित केली. समर्पित म्हणजे परत केली. कार्यालयीन भाषेत हा शब्द फार गोड आहे. पैसे आलेच नसतील तर गाठ वर आहे आणि आमदारांना विधानसभेत प्रश्न विचारायला लावायचा. पैसे येऊन परत गेले असतील तर गाठ इथंच आहे. माहितीच्या अधिकारात अर्ज दहा रुपयांत होतो, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही लागत नाहीत. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून चार योजनांचे चार अर्ज करावे. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करावे लागतात, त्याचा हिशेब ग्रामसभेत मागता येतो, त्याला अर्जही लागत नाही. फक्त ग्रामसभेला जावं लागतं. आपली मुलं १४ एप्रिलच्या मिरवणुकीला हजार असतात आणि ग्रामसभेला सात, हे आम्ही मोजलेलं आहे.

पहिला अर्ज वर्गातल्या ज्या मुलीची शिष्यवृत्ती अडली होती तिनेच लिहिला. आधी तिने कॉलेजात आणि मग संबंधित कार्यालयात लेखी विचारलं होतं. कार्यालयाने तिला लेखी दिलं, अर्ज मंजूर, निधी प्राप्त नाही. ते पत्र जोडून तिने निधीच्या तारखा मागितल्या. एकशे बेचाळीस शब्द झाले, दोनदा खाडाखोड करून. उत्तराची मुदत तीस दिवसांची असते. हा लेख लिहितोय तेव्हा एकविसावा दिवस आहे. उत्तर आलं नाही तर पहिल्या अपिलाचा नमुना तिने आधीच भरून ठेवला आहे.